सही कोणाची, शब्द कोणाचे?

सरकारी कचेरीत ज्यांनी दहा वर्षे काढली आहेत, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. पत्राखाली ज्याची सही, त्यानेच ते लिहिलेले असते असे नाही. मसुदा एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची, स्वच्छ प्रत तिसऱ्याची आणि सही साहेबांची, हा आमचा नित्याचा व्यवहार. तरी ते पत्र साहेबांचेच ठरते व त्यात लबाडी काही नसते. कारण त्यांनी ते वाचून त्याची जबाबदारी पत्करलेली असते. परंतु साहेब बदलून गेल्यावर त्यांच्या नावाने कोणी नवेच पत्र धाडले तर? ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी गेली दोनशे वर्षे जो वाद चालला आहे, त्याचे मर्म बरेचसे ह्या प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते.

नव्या करारात 27 पुस्तके आहेत. त्यांतील चार शुभवर्तमानांच्या मजकुरात कर्त्याने आपले नाव सांगितलेले नाही. मत्तय, मार्क, लूक व योहान ही नावे मथळ्यांतून व परंपरेतून आपल्याकडे आली आहेत. ती चूक ठरली तरी दोष परंपरेच्या तर्काचा. ग्रंथाने स्वतः असत्य सांगितले असे होत नाही. पत्रांची गोष्ट वेगळी आहे. 13 पत्रे आपल्या पहिल्याच वाक्यात पौलाचे नाव घेतात. तेथे नाव खरे नसेल, तर तो दावाच खरा नाही.

ह्यांपैकी रोमकर, करिंथकर (दोन्ही), गलतीकर, फिलिप्पैकर, फिलेमोन ह्यांस लिहिलेली पत्रे व थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र अशी सात पत्रे पौलाची, ह्याविषयी आज अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक, हे पत्र आपण लिहिले असे सांगून स्वतःचा नमस्कार कळवितो. पत्र घेऊन जाणारी बहुधा फिबी नावाची स्त्री असावी. पौल तिची शिफारस आदराने करतो. म्हणजे वाणी पौलाची, लेखणी तर्तियाची आणि वाट तुडविणारे पाय एका बाईचे. गलतीकरांस पत्राच्या अखेरीस तर पौल स्वतः लेखणी हाती घेतो आणि आपली अक्षरे किती मोठी आहेत तेही दाखवितो. हा सहीचाच प्रकार होय.

आता तीमथ्यास लिहिलेली दोन व तीतास लिहिलेले एक, ही पत्रे घ्या. त्यांतील पहिल्याविषयी श्लायरमाखर ह्या जर्मन पंडिताने 1807 साली शंका घेतली. पुढे ती तिन्ही पत्रांस लागू झाली. शब्दसंग्रह निराळा, वाक्यांची धाटणी संथ, ‘विश्वास’ म्हणजे अंतःकरणाची ओढ नसून जतन करण्याची शिकवण, आणि सर्वत्र अधिकाऱ्यांच्या नेमणुकांचे नियम. करिंथकरांस लिहिताना काळ थोडा उरला आहे अशा घाईत असलेला पौल विधवांना, तशाच राहिलात तर बरे, असे सांगतो. तीमथ्याच्या पत्रातील पौल तरुण विधवांनी लग्न करून घर सांभाळावे असे म्हणतो. परिस्थिती बदलली, वय वाढले, लेखनिक दुसरा होता, अशी उत्तरे काही विद्वान देतात व ती ऐकण्याजोगी आहेत. पण लेखनिक शब्द बदलील; धन्याची अवघी वृत्ती कशी बदलील? बहुसंख्य अभ्यासकांचा कौल ही पत्रे पौलाच्या पश्चात लिहिली गेली असाच आहे.

येथे एक समर्थन नेहमी पुढे येते: त्या काळी शिष्याने गुरूच्या नावाने लिहिणे ही भक्तीच समजली जाई. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेले पाहणाऱ्या मराठी वाचकास हे पटकन पटते. आम्हांस मात्र ते पटत नाही. तेथे नाममुद्रेच्या सारखेपणाने संग्राहकांची गफलत झाली. येथे नाव जाणून घेतलेले आहे. शिवाय इ. स. 200 च्या सुमारास तर्तुल्यानाने एक हकीकत नोंदविली आहे. आशिया प्रांतातील एका धर्मवडिलाने पौलाच्या नावावर एक लेख रचला. पौलावरील प्रेमाने आपण हे केले, अशी त्याने कबुली दिली. तरी त्याचे पद गेले. भक्तीची सबब तेव्हाही चालली नाही.

ह्या हकीकतीचा दुसरा भाग अधिक बोचणारा आहे. त्या लेखात थेक्ला नावाची स्त्री होती आणि तिचा दाखला देऊन काही जण स्त्रियांच्या शिकविण्याच्या व बाप्तिस्मा देण्याच्या हक्काचे समर्थन करीत होते. तो लेख बाहेर राहिला. उलट, स्त्रीने शिकवू नये, निमूट राहावे, असे बजावणारे तीमथ्याचे पहिले पत्र पौलाच्या सहीने धर्मग्रंथात आले आणि शतकानुशतके हुकूम म्हणून चालले. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातही असा एक उतारा आहे खरा. पण तो काही हस्तलिखितांत निराळ्या जागी आढळतो, आणि त्याच पत्रात आधी स्त्रिया सभेत प्रार्थना करतात हे पौलाने गृहीतच धरले आहे. गलतीकरांस तर तो, ख्रिस्तात पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही, असे निक्षून सांगतो.

म्हणूनच हा वाद केवळ ग्रंथालयातला नव्हे. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली ज्यांस ‘पंडिता’ म्हटले, त्या रमाबाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर 1924 साली ते प्रसिद्ध झाले. स्त्रीने शिकवू नये हे वाक्यही आयुष्यभर शिकविणाऱ्या एका बाईच्या हातून मराठीत उतरले!

ही पत्रे फाडून टाकावी असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्या पिढीची मंडळी कशी सावरत होती, कशाला भीत होती, हे त्यांतूनच कळते. परंतु कागद नस्तीत ठेवणे वेगळे आणि त्यावरील सही खरी मानून अंमल करणे वेगळे. जिज्ञासू वाचकांनी एखाद्या रविवारी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आणि तीमथ्यास पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय लागोपाठ वाचावे. पहिल्यात पौल किती स्त्रियांची नावे घेऊन नमस्कार सांगतो ते मोजावे, आणि मग दोहोंमागचा माणूस एकच आहे काय, ह्याचा निर्णय आपापल्या कानाने करावा.