सूत्रांकडून समजते की...

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर म्हणतो. ही म्हण निदान एका बाबतीत खरी आहे. जगात कुठंही काही घडो, त्याचा निकाल आमच्या बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत लागलेला असतो. मी बी.कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून, त्यामुळे या कोर्टाचा कायम सभासद.

डिसेंबर २०२४ मध्ये या कोर्टापुढं पृथ्वी शॉचा खटला आला. २०१३ साली शाळेच्या हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढणारा आणि २०१८ साली पदार्पणाच्या कसोटीत १३४ करणारा हाच तो पृथ्वी. ऑक्टोबरात मुंबईनं त्याला रणजी संघातून वगळलं. कारणं छापून आली ती फिटनेस आणि शिस्तीची. डिसेंबरात विजय हजारे स्पर्धेच्या संघातही नाव नाही. तेव्हा त्यानं इन्स्टाग्रामवर थेट देवालाच विचारलं, की बाबा, आता आणखी काय बघायचं राहिलंय? आणि खाली हिशेब दिला : ६५ डाव, ३३९९ धावा, सरासरी ५५.७. मला हे फार आवडलं. माणूस देवाकडं गाऱ्हाणं नेतानासुद्धा स्टेटमेंट जोडतो!

देवाकडून उत्तर यायच्या आत असोसिएशनच्या एका पदाधिकाऱ्याकडून आलं. नाव न छापण्याच्या अटीवर त्यानं वृत्तसंस्थेला सांगितलं, की मैदानात याला लपवावं लागतं, आम्ही जणू दहाच जणांनिशी खेळतो, हा सरावाला दांड्या मारतो आणि हॉटेलवर पहाटे परततो. बहुतेक पेपरांनी ते जसंच्या तसं छापलं.

“बघा, मी म्हनलं नव्हतं का?” टपरीवाला म्हणाला. तो काहीच म्हणाला नव्हता. पण त्या दिवशी सगळ्यांनीच आधी म्हटलेलं होतं.

आता आमच्याकडं बघा. कारकून उशिरा आला की मस्टरवर लाल शेरा. फारच झालं तर मेमो, मग चार्जशीट, मग चौकशी अधिकारी, आणि बाजू मांडायला युनियनचा माणूस. हे सगळं इतकं रेंगाळतं, की शेवटी आरोप काय होता ते आरोपीलाच आठवून सांगावं लागतं. प्रकार कंटाळवाणा खरा. पण त्यात एक सोय आहे : आरोप करणाऱ्याला खाली सही करावी लागते.

खेळातही सही करणारे असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोनाल्डो टॉटनहॅमविरुद्धचा सामना संपायच्या आतच निघून गेला. मँचेस्टर युनायटेडनं त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं आणि तसं जाहीर केलं. यानं बदली म्हणून मैदानात उतरायला नकार दिला, हे प्रशिक्षकानं पत्रकारांसमोर बसून सांगितलं. मग रोनाल्डोनं टीव्हीवर जाऊन क्लबचा उद्धार केला आणि नोव्हेंबरात करार संपला. भांडण कडाक्याचं, पण दोन्ही बाजूंच्या सह्या ठळक. आपल्याकडं श्रेयस अय्यरनंही तेच केलं. मुश्ताक अली करंडक जिंकल्यावर तो स्वतःच्या नावानिशी म्हणाला, की पृथ्वीनं कामाची शिस्त सुधारायला हवी, आम्ही कुणाला लहान मुलासारखं सांभाळत बसू शकत नाही. कडू आहे, पण पावती फाडून दिलेलं आहे.

माझी तक्रार टीकेबद्दल नाही. चेंडू शेजारून गेला आणि वाकणं झालं नाही, तर खुशाल लिहा. ते सगळ्यांदेखत घडतं. पण हॉटेलवर पहाटे परतला, हे कोणी पाहिलं? कोणत्या तारखेला? आमच्याकडं व्हाउचर नसलेली रक्कम सस्पेन्स अकाउंटला पडून राहते. पेपरात ती पहिल्या पानावर येते.

पुढं २०२५ मध्ये पृथ्वीनं एका मुलाखतीत स्वतःच कबूल केलं, की आपले काही निर्णय चुकले, क्रिकेटला वेळ कमी दिला. टपरी जिंकली! “म्हंजे सूत्रं खरीच होती की साहेब!” असतीलही थोडीफार. पण त्यानं सही केली म्हणून त्यांची झाली, असं होत नाही.

त्याच वर्षी तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला. परभणी महाराष्ट्र असोसिएशनच्या हद्दीत, म्हणजे तो आमचा झाला. केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य केलं तेव्हा टपरी गप्प होती. चंदीगडविरुद्ध २२२ केल्यावर मात्र पोराला मुंबईवाल्यांनी नाहक छळलं, असा निकाल एकमतानं लागला. नवा पुरावा इतकाच, की संघ बदलला.

मी तरी कुठला शहाणा? बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कॅशियरची दहा हजारांची कॅश कमी भरली. संध्याकाळपर्यंत काउंटरामागं कुजबुज सुरू झाली. त्यात मीही भर घातली, “हल्ली मनगटावर घड्याळ नवं दिसतंय.” एवढंच. सकाळी कापसाचे पैसे नेलेला एक शेतकरी जादा आलेलं बंडल परत घेऊन हजर झाला. कॅश टॅली झाली. घड्याळ सासऱ्यानं दिलेलं निघालं.

त्या दिवसापासून कॅशियरनं माझ्यासोबत डबा खाणं बंद केलं. दहा हजारांची एंट्री दुसऱ्या दिवशी उलटवता आली. माझ्या त्या एका वाक्याची अजून उलटवता आलेली नाही, कारण तेव्हा मी सूत्र होतो, आणि सूत्राची कुठं सही नसते.