विशेष वर्णांचे टंकलेखन आणि पाठशुद्धी

वर्डसारख्या लेखनप्रणालीत विशेष वर्ण उमटविण्यासाठी जे कळसंयोग, म्हणजेच शॉर्टकट, सांगितले जातात, त्यांचा विचार बहुधा टंकलेखकाच्या सोयीपुरताच केला जातो. थोड्या कळा दाबून इष्ट आकृती पडद्यावर आली की कार्यभाग साधला, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात हा समज मराठी पाठसंपादनाच्या दृष्टीने तपासावयाचा आहे. आमचे प्रतिपादन असे की, कळसंयोगाचे मूल्य आकृतीवरून ठरवावयाचे नसून, त्या आकृतीच्या मागे कोणते संकेतांक साठविले जातात यावरून ठरविले पाहिजे.

विवेचनासाठी मराठीचा अर्धा र घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. येथे रफार आणि अर्धा र यांतील भेद केवळ लेखनवळणाचा नसून अर्थाचा आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, गऱ्हाणे, तऱ्हा हे शब्दही या वर्णावाचून नीट लिहिता येत नाहीत.

युनिकोडमध्ये हा अर्धा र तीन प्रकारे साठविलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ऱ (०९३१) आणि हलन्तचिन्ह (०९४डी) असे दोन संकेतांक असतात. दुसऱ्यात र (०९३०), नुक्ता (०९३सी) व हलन्तचिन्ह असे तीन. तिसऱ्यात र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हा अदृश्य सांधक (२००डी) असे तीन. पहिला प्रकार १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाशी सुसंगत आहे. तिसरा प्रकार युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून मान्य ठेवण्यात आला. म्हणजे तिसऱ्या प्रकाराला अशुद्ध म्हणता येत नाही. तथापि मान्य असणे आणि इष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

छापील पानावर हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणूनच त्यांतील भेद संपादकाच्या ध्यानी येत नाही. परंतु एखाद्या ग्रंथाची शब्दसूची करावयाची झाल्यास, संकेतांक तंतोतंत जुळवून पाहणारे साधन ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द तीन निराळे शब्द म्हणून मोजील. युनिकोडच्या प्रसामान्यीकरणाने पहिले दोन प्रकार एकरूप होतात. तिसरा मात्र वेगळाच राहतो. याहून गंभीर धोका पुढेच आहे. काही प्रणाली मजकूर स्वच्छ करताना अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. सांधक गळाला की मागे र, हलन्त व य एवढेच उरते आणि दऱ्यांचा दर्या होतो. हा पाठभेद कोणा लेखनिकाच्या प्रमादाने झालेला नसतो, आणि पडताळणीसाठी मूळ हस्तलिखितही हाताशी नसते.

या कसोटीवर प्रचलित मार्गांचे परीक्षण करता येईल. चिन्हांच्या तक्त्यातून वर्ण निवडण्याचा मार्ग विश्वसनीय आहे, पण दीर्घ लेखनास निरुपयोगी. विंडोजवरील वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९३१ लिहून ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्या असता ऱ उमटतो. या मार्गाचा गुण असा की, लिहिणाऱ्यास आपण कोणता संकेतांक घालीत आहोत याची जाणीव राहते. रोमन लिप्यंतरातील दीर्घ आ-कारासाठीही (०१०१) तो उपयोगी आहे. मात्र संकेतांकाच्या लगत आधी ए ते एफ यांपैकी रोमन अक्षर वा अंक असल्यास तोही संकेतांकाचा भाग मानला जाण्याचा संभव असतो. अशा वेळी संकेतांक आधी निवडून घेणे अवश्य आहे.

आपोआप दुरुस्ती करणारी सोय सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक होय. ‘दर्या’च्या जागी सर्वत्र ‘दऱ्या’ घालण्याची आज्ञा दिली, तर समुद्रही दरीत लोटला जाईल. कारण यंत्राला आकृती कळते, अर्थ कळत नाही. याउलट र, हलन्त व सांधक या त्रयीच्या जागी ऱ व हलन्त ही जोडी घालणे निर्धोक आहे, कारण त्या त्रयीचा अर्धा र याखेरीज दुसरा अर्थच होत नाही. यांत्रिक दुरुस्तीची मर्यादा येथे स्पष्ट होते: संकेतांकांची एकरूपता यंत्राकडून साधावी, शब्दाचा निर्णय मात्र संपादकाने करावा.

शेवटचा मार्ग इन्स्क्रिप्ट कळफलकाचा. त्यात र च्याच कळेवर शिफ्टसह ऱ ची योजना आहे. येथे शॉर्टकट असा वेगळा लागतच नाही. वर्ण लेखनाच्या ओघात उमटतो आणि पहिल्या, निर्दोष प्रकारानेच साठविला जातो. आमच्या मते मराठीपुरता हाच मार्ग श्रेयस्कर आहे.

तथापि कळफलकावरही सर्व भार टाकता येत नाही, हे ॲ या स्वराच्या उदाहरणावरून दिसते. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान (०९७२) २००८ साली मिळाले. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातील वर्णमालेतही तो आहे. तत्पूर्वीच्या लेखनात कोठे ऍ, तर कोठे अ वर चंद्र देऊन हा उच्चार दाखविलेला आढळतो. अ वर दिलेला चंद्र आणि स्वतंत्र ॲ हे दिसण्यात एकच असले, तरी प्रसामान्यीकरणाने एकरूप होत नाहीत. म्हणून जुन्या मजकुरात ‘ॲ’ शोधणाऱ्या अभ्यासकाने तिन्ही रूपे शोधावयास हवीत.

यावर असा आक्षेप संभवतो की, हे भेद मिटविणे शोधसाधनांचे काम आहे, लेखकाचे नव्हे. साधने सुधारावीत हे खरेच. पण मजकूर एका साधनातून दुसऱ्यात जातो, तेव्हा त्याच्यासोबत संकेतांक जातात, साधनाची हुशारी जात नाही. हस्तलिखिताचे संपादन करताना आपण लिपिविशेषांची नोंद प्रस्तावनेत करतो. तशीच अर्धा र व ॲ कोणत्या संकेतांकांनी लिहिले आहेत, याची दोन ओळींची नोंद प्रत्येक संगणकीय आवृत्तीत असावी. तिला श्रम थोडे लागतात, आणि पुढील अभ्यासकाला आपल्या हाती आलेला पाठ मूळचा की बिघडलेला, हे ठरविण्यास आधार मिळतो.