मेलेल्या सैनिकांच्या आकड्यांवरून आजची श्रीमंती कळते का?

काही देश श्रीमंत आणि काही गरीब का? डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांचं उत्तर आहे: संस्थांमुळे. मालमत्तेला संरक्षण असेल, सत्तेवर अंकुश असेल, तर लोक गुंतवणूक करतात आणि देश वाढतो. याच कामासाठी २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. त्यांचा २००१ सालचा गाजलेला शोधनिबंध मी विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचला. युक्तीच्या प्रेमात पडलो, पण आकड्यांपाशी अडखळलो.

आधी अडचण समजून घ्या. श्रीमंत देशांत संस्था चांगल्या असतात हे दिसतंच. पण संस्थांमुळे पैसा आला, की पैसा आल्यावर चांगली न्यायालयं परवडली? नुसत्या सहसंबंधावरून हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण अर्ध्या नमुन्यांना औषध देतो, अर्ध्यांना देत नाही. देशांवर असा प्रयोग कसा करणार?

म्हणून या तिघांनी इतिहासातच प्रयोग शोधला. वसाहतींच्या काळात जिथे मलेरिया आणि पीतज्वराने युरोपीय माणसं पटापट मरत, तिथे ती वस्ती करत नसत. फक्त लूट करणारी व्यवस्था बसवत. जिथे जगत, तिथे स्वतःसाठी बऱ्या संस्था उभारत. त्या व्यवस्था पुढे टिकल्या. म्हणजे जुन्या मृत्युदराने आजच्या संस्थांमधला फरक घडवला, आणि लेखकांच्या मते आजच्या उत्पन्नावर तो फक्त संस्थांच्या वाटेनेच परिणाम करतो. हा 'फक्त' लक्षात ठेवा. सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

आता आकडे बघा. दर हजारी वार्षिक मृत्यू न्यूझीलंडमध्ये ८.५५, भारतात ४८.६३ आणि मालीमध्ये २९४०. हजारात २९४० कसे मरतील? मेलेल्यांच्या जागी नवे सैनिक येत राहिले आणि थोड्या काळातला दर वर्षभराचा धरला, तर हिशेबात असं होऊ शकतं. पण असा एक आकडा आलेख किती खेचेल, याचा विचार करा.

डेव्हिड अल्बोई यांनी २०१२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. ६४ देशांपैकी ३६ देशांचे आकडे त्यांचे स्वतःचे नव्हते, ते इतर देशांवरून घेतलेले होते. शिवाय कुठे छावणीतल्या सैनिकांचे दर, कुठे मोहिमेवरच्या सैनिकांचे. मोहिमेवर माणसं जास्त मरतात, मग तो फरक हवामानाचा की लढाईचा? हे सुधारलं की मूळ संबंध बराच कमकुवत होतो, असं त्यांचं म्हणणं. मूळ लेखकांनी उत्तर दिलं: टोकाचे दर २५० वर रोखून बघा, निष्कर्ष टिकतो. हे उत्तर दमदार आहे, पण छावणी आणि मोहीम यांची सरमिसळ त्याने सुटत नाही.

दुसरा आक्षेप त्या 'फक्त'वर आहे. एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये विचारलं, की वस्ती करणाऱ्यांनी सोबत फक्त कायदे आणले का? त्यांनी स्वतःचं शिक्षण आणि कौशल्यही आणलंच ना! मग श्रेय एकट्या संस्थांना कसं देणार? मला हा आक्षेप जास्त गंभीर वाटतो. आकडे दुरुस्त करता येतात, पण एकाच बोटीतून आलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड.

मग सगळं चूक का? नाही. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा २००५ चा अभ्यास बघा. त्यांनी भारतातलेच जिल्हे ताडून पाहिले. जिथे इंग्रजांनी जमीनदारी बसवली, तिथे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक आणि उत्पादकता मागे राहिली. आपल्या मुंबई इलाख्यासारख्या रयतवारी भागांत ती तुलनेने बरी होती. देश एक, संविधान एक, तरी जुन्या व्यवस्थेची सावली टिकली. प्रश्न छोटा केल्यामुळे उत्तर जास्त भरवशाचं झालं.

म्हणून माझं मत असं: संस्था महत्त्वाच्या आहेत, हे मला पटतं. किती महत्त्वाच्या, हे या ६४ देशांच्या तक्त्यावरून ठरवायला मी धजावणार नाही. पुढच्या वेळी कुणी 'नोबेल मिळालंय, म्हणजे सिद्धच झालं' म्हणालं, तर एवढंच विचारा: तक्त्यातले आकडे नक्की कुणाचे आहेत?