थिबा राजाचा वाडा आणि टिळकांचें घर

दिवाळीची सुट्टी लागली कीं आमच्या मुरगूडकडील मंडळी आंबा घाट उतरून समुद्राकडे निघतात. गणपतीपुळ्याचें दर्शन, भाट्याच्या वाळूंत मुलांचे किल्ले, परतीच्या वाटेवर फणसपोळी आणि कोकमाच्या बाटल्या, असा हा प्रवास बहुधा ठरलेला असतो. मधला एक दिवस रत्नागिरीस मिळतो व त्या एका दिवसांत रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर, मत्स्यालयांतील देवमाशाचा सांगाडा, टिळकांचें जन्मस्थान आणि थिबा राजाचा राजवाडा, इतकीं ठिकाणें उरकावयाचीं असतात. सर्वांविषयीं लिहिण्याचा माझा विचार नाहीं. देवमाशाचा तो अजस्र सांगाडा पाहून मुलें तोंडांत बोट घालतात. त्यांच्या आश्चर्याला टीकाकाराच्या मदतीची गरज नाहीं. परंतु थिबा राजाच्या वाड्यांत नेमकें काय पाहावयाचें, हें आपण मोठ्या माणसांनींहि कधीं नीट ठरविलेलें नाहीं.

घोटाळा 'राजवाडा' या शब्दापासूनच सुरू होतो. कोल्हापुरच्या वाचकापुढें हा शब्द उच्चारला कीं कसबा बावड्याच्या रस्त्यावरील नवा राजवाडा उभा राहतो. मेजर मँट याच्या आराखड्याप्रमाणें बांधलेली ती काळ्या दगडाची इमारत १८८४ सालीं पुरी झाली. तेथील संग्रहालयांत शस्त्रें, पोशाख, तसबिरी, शिकारींतील पेंढा भरलेलीं जनावरें यांची इतकी गर्दी आहे कीं पाहणारा थकून बाहेर पडतो. हीच अपेक्षा मनांत धरून तो रत्नागिरीस जातो आणि निराश होतो. "आंत फारसें कांहीं नाहीं," हा शेरा मीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. जांभ्या दगडाची तीन मजली भव्य वास्तु, उतरतीं छपरें, अर्धवर्तुळाकार खिडक्यांतील रंगीत कांचा, खालीं खाडी आणि पलीकडे समुद्र, हें सारें त्याला आवडतें, छायाचित्रेंहि निघतात. मात्र राजा कोठेंच सांपडत नाहीं.

कोल्हापुरचा राजवाडा पुरा झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८८५ च्या नोव्हेंबरांत, इंग्रजांनीं अवघ्या कांहीं दिवसांच्या मोहिमेंत ब्रह्मदेश जिंकला व मंडालेच्या थिबा राजाला सिंहासनावरून उतरवून बोटींत बसविलें. त्या वेळीं तो ऐन पंचविशींतला होता. आधीं मद्रासेस आणि १८८६ मध्यें रत्नागिरीस त्याला आणण्यांत आलें. बरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी आणि लहान मुली होत्या. रत्नागिरी निवडली ती हवापाण्यासाठीं नव्हे. रेल्वे नसलेलें, डोंगर आणि समुद्र यांमध्यें कोंडलेलें गांव सरकारच्या सोयीचें होतें. १९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला तो रत्नागिरींतच. हा वाडा १९१० मध्यें तयार झाला, म्हणजे तीस वर्षांच्या रत्नागिरीवासांतील जेमतेम सहा वर्षें तो येथें राहिला. त्यापूर्वींचीं चोवीस वर्षें सरकारनें दिलेल्या बंगल्यांतून गेलीं, आणि त्या वर्षांना कोणी 'प्रेक्षणीय' म्हणत नाहीं.

"ब्रिटिशांनीं राजासाठीं राजवाडा बांधला," असें सहलीच्या पुस्तिकांतून सरसकट छापलें जातें. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि अर्थानें लबाड. पहाऱ्यावाचून ज्याला फिरावयास जातां येत नाहीं, ज्याचा खर्च दुसऱ्यानें मंजूर करावयाचा, त्याच्या घराला राजवाडा म्हणणें ही बंदिवासाची शोभा वाढविण्याची युक्ति आहे. ती युक्ति ज्यांनीं काढली ते निघून गेले. शब्द मात्र आपण जपून ठेवला, त्याचें नांव रस्त्यालाहि दिलें.

वाड्यांत आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याचें प्रादेशिक संग्रहालय आहे. मधल्या काळांत या इमारतीनें सरकारी कामासाठीं आणि तंत्रशिक्षणासाठींहि जागा दिली होती. संग्रहालयांतील पाषाणमूर्ति आपापल्या परीनें मोलाच्या आहेत, परंतु त्यांचा थिबाशीं संबंध नाहीं. राजाच्या वस्तु थोड्या, ही तक्रार मला मान्य नाहीं. त्या थोड्या कां, हीच या वास्तूची खरी कथा आहे. मंडाले सोडतांना जें जवाहीर हातीं राहिलें त्यांतील पुष्कळसें तनखा पुरेना म्हणून एकेक करून गांवच्या सावकारांच्या पेढ्यांवर गेलें. 'न्गा मौक' नांवाचें प्रसिद्ध माणिक कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्यानें पाहण्यासाठीं म्हणून घेतलें व परत दिलें नाहीं, असें राजाचें म्हणणें होतें. त्यासाठीं त्यानें अर्ज केले. माणिक मिळालें नाहीं. ज्या दालनांत रिकामी जागा आहे तेथें ही हकीकत मोठ्या अक्षरांत लावली आणि त्या अर्जांच्या नकला कांचेखालीं ठेवल्या, तर "आंत फारसें कांहीं नाहीं" असें म्हणण्याची छाती कोणाची होणार नाहीं.

हें काम आजवर ग्रंथांनीं केलें आहे. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी २००० मध्यें आली. तिच्या पूर्वार्धांतला दुर्बिणींतून समुद्र न्याहाळणारा राजा एकदां वाचला म्हणजे विसरतां येत नाहीं. तरी मला वाटतें, घोष यांचा राजा जितका जिवंत आहे तितकें त्यांचें रत्नागिरी गांव नाहीं. तें गांव नाटकांतील मागच्या पडद्यासारखें राहतें. सुधा शहा यांचें 'द किंग इन एग्झाइल' हें २०१२ मधील चरित्र शैलीच्या दृष्टीनें त्या मानानें साधें आहे, पण माझा कौल त्याच्या बाजूनें पडेल. राजा वारला म्हणून त्या थांबत नाहींत. चार राजकन्यांचें पुढें काय झालें, हें त्या सरकारी दप्तरें आणि माणसांच्या आठवणी धुंडाळून सांगतात, आणि तेथेंच ही कथा आपली, मराठी माणसांची, होते.

थोरल्या राजकन्येला वाड्याच्या पदरीं असलेल्या एका विवाहित मराठी नोकरापासून मुलगी झाली. १९१९ मध्यें कुटुंब ब्रह्मदेशास परत गेलें. पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन रत्नागिरीस फिरून आली आणि १९४७ मध्यें येथेंच निवर्तली. तिची ती मुलगी, कोनबाँग घराण्याच्या शेवटच्या राजाची नात, मराठी बोलत, मोलमजुरी आणि शेणगोठा करीत, मुलांचा मोठा संसार रेटीत याच गांवांत म्हातारी झाली. वाडा पाहण्यास येणाऱ्या मंडळींना तिची आठवण करून दिली तर ती चुकचुकतात आणि लगेच चहाची चौकशी करतात. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. वास्तूनेंच त्यांना वैभव पाहण्यास बोलाविलें आहे. दुःख पाहण्याची तयारी करून कोण येणार?

आतां टिळक आळीकडे वळूं. २३ जुलै १८५६ रोजीं टिळक रत्नागिरींत जन्मले आणि दहाव्या वर्षीं वडिलांबरोबर पुण्यास गेले. त्यांचें जन्मघर कौलारू, कोंकणी, नीटनेटकें आहे. तेथें माणूस आपोआप हळू बोलूं लागतो. १९०८ मध्यें राजद्रोहाच्या शिक्षेवर याच टिळकांना मंडालेस पाठविण्यांत आलें व १९१४ पर्यंत ते तेथें होते. म्हणजे रत्नागिरीचा पुत्र थिबाच्या राजधानींत कोंडलेला आणि मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगांवीं कोंडलेला, असा सहा वर्षांचा काळ होता. १९१०–११ च्या हिवाळ्यांत टिळक मंडालेच्या तुरुंगांत 'गीतारहस्या'चा खर्डा लिहीत होते. त्याच सुमारास राजा नव्या वाड्यांत राहूं लागला होता. एकाच सरकारच्या नकाशावर दोन कैद्यांची ही अदलाबदल घडलेली आहे. आपण मात्र मंडाले म्हटलें कीं केवळ टिळक आठवतों आणि तें शहर जणूं तुरुंगासाठींच वसविलें होतें असें समजतों. मंडालेविषयींचा आपला अभिमान खरा आहे. त्या अभिमानाला तेथला पदच्युत राजा आपल्या दाराशीं तीस वर्षें बसला होता याची जाणीव नसावी, हें मला खटकतें. दोन्ही घरें एका गांवांत आहेत. एकांतून दुसऱ्याकडे बोट दाखविणारा एक नकाशा लावण्यास खर्च तो कितीसा येणार?

ब्रह्मी लोकांनीं हें विसरलेलें नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत म्यानमारचे तेव्हांचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन राजाच्या समाधीपुढें नतमस्तक झाले. आपल्याकडूनहि रंगूनला जाणारे पुढारी बहादुरशहा जफरच्या कबरीवर फुलें वाहतात; त्यालाहि इंग्रजांनीं असेंच उचलून तिकडे नेलें आणि १८६२ मध्यें तो तेथें वारला. राणी सुपयालतची इच्छा पतीचा देह ब्रह्मदेशास नेण्याची होती. सरकारनें ती मानली नाहीं. शव दोन वर्षांहून अधिक काळ तसेंच ठेवलेलें होतें आणि १९१९ मध्यें, कुटुंब परत जाण्यापूर्वीं, राजा व धाकटी राणी यांना रत्नागिरींतच समाधि देण्यांत आली. राणी १९२५ मध्यें रंगूनला वारली. तिची समाधि तिकडे आहे.

ही रत्नागिरीची समाधि सहलीच्या यादींत क्वचितच असते. यंदा कोणी जाणार असेल तर त्यानें आधीं तेथें जावें, मग वाड्यांत, आणि वाड्यांतून थेट टिळक आळीला. भाट्याच्या वाळूंत मुलांना त्यानंतरहि खेळतां येईल.