पुलावरून आणि पुलाखालून

इंग्लंडात स्टॉकपोर्ट गावी मर्सी नदीच्या खोऱ्यावर विटांचा एक रेल्वेपूल आहे. कमानी २७, उंची १११ फूट, विटा सुमारे १ कोटी १० लाख. १८४० साली तो बांधून पुरा झाला. त्यावरून अजून गाड्या धावतात आणि कायद्याने त्याला संरक्षित वास्तूचा मान दिला आहे. परंतु ह्या पुलाची आठवण मला होते ती वाङ्मयाचा विचार करताना. लेखकाने कोठे उभे राहून पाहावे, हा प्रश्न तो पूल विचारतो.

फ्रीड्रिख एंगेल्सने इंग्लंडातील कामगारांच्या स्थितीवर १८४५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो म्हणतो, स्टॉकपोर्ट धुराने काळवंडलेले आहे, आणि पुलावरून तर ते फारच ओंगळ दिसते. एंगेल्सची कळकळ निर्विवाद आहे. मँचेस्टरच्या गल्लीबोळांतून तो स्वतः हिंडला होता. पण येथे तो पुलावर उभा आहे. तेथून धुराडी दिसतात, माणूस दिसत नाही.

चित्रकार एल. एस. लाउरी पुलाखालून चालणारा. १९५२ पर्यंत तो मँचेस्टरच्या एका घरमालक कंपनीसाठी दारोदार भाडे वसूल करी आणि रात्री चित्रे काढी. कल्पनेतले शहर रंगवतानाही हा पूल त्याच्या चित्रात येई. कमानींखाली काडीसारखी माणसे लगबगीने चाललेली असतात. त्यांची कीव नाही, गौरवही नाही. शेजाऱ्याकडे पाहावे तसे त्याने त्यांच्याकडे पाहिले.

लाउरीची उणीवही सांगितली पाहिजे. ह्या माणसांना बहुधा चेहरे नाहीत. भाडे मागणाऱ्याला दार उघडते, घर उघडत नाही. त्याची नजर उंबरठ्याशीच थांबली असावी. तो उंबरठा ओलांडणे हे कादंबरीचे काम. हे लिहिताना मला ओशाळे वाटते, कारण माझ्याही पहिल्या कादंबरीची सुरुवात टेकडीवरून दिसणाऱ्या गावाने होते. वाचकांनी त्या वर्णनाची वाखाणणी केली. गावातल्या माणसांविषयी मात्र कोणी काही बोलले नाही.

पुलाच्या विटा कायदा सांभाळील. त्या रचणारे हात सांभाळायला कायदा नाही. तेवढ्यासाठी तरी लेखकाने पुलावरून खाली उतरावे.