'पाठलाग': खरं सांगून खोटी ठरलेली आशा

राजा परांजपे म्हटलं की 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' आठवतात. त्याच दिग्दर्शकाने १९६४ साली जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून 'पाठलाग' काढला. मराठी रहस्यपटांत पहिला मान मी त्यालाच देईन. शहाडला आमच्या घरी तो लागला की शेवट पाठ असूनही कुणी जागचं उठत नाही.

रहस्यकथेत एरवी खुनी शोधायचा असतो. इथे शोधायचं आहे ते, ही बाई कोण? नामांकित वकिलाची बायको आशा त्याच्या डोळ्यांदेखत वारते. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून एक स्त्री पकडली जाते. चेहरा हुबेहूब तोच, आणि ती म्हणते, मीच तुमची बायको! मृत्यू आपल्यालाही ठाऊक असतो, म्हणून आपण निमूटपणे नवऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. परांजप्यांनी आपल्यालाच साक्षीदार करून टाकलंय, हे फार उशिरा लक्षात येतं.

खरी मेजवानी कोर्टात. नवरा-बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसावं, असं ती एकेक सांगत जाते. बरोबर उत्तराने संशय फिटायला हवा. इथे तो वाढतो. टोळीला हे कळलं कुठून? बड्या घरातलं शेजघरापर्यंतचं गुपित चारचौघांत उघडं पडतं, आणि ते उकरून काढणारा खुद्द घरधनीच असतो. डॉ. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी दोनच वर्षांपूर्वी 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये रंगभूमीवर धगधगला होता. तीच धग इथे वकिलाच्या अदबीखाली दाबलेली जाणवते.

समोर अभिनेत्री भावना. त्यांचं काम दुसऱ्यांदा पाहावं. तीच नजर, तेच उत्तर पहिल्या वेळी पढवलेल्या ठकीचं वाटलेलं असतं, आता टाकलेल्या बायकोचं दिसतं. दोन्ही अर्थ एकाच चेहऱ्यावर तोलून धरणं किती अवघड!

आणि ते गाणं! गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशा भोसले यांचा आवाज. प्रियेचे डोळे पाखरं होऊन नवऱ्याभोवती घिरट्या घालतील, ही कल्पना. डोळ्यांनी पाहिलेलंच दगा देतं अशा कथेत कवीने नेमके डोळेच उचलले! याच कथेच्या हिंदी अवतारात, राज खोसलांच्या 'मेरा साया'त (१९६६), डोळ्यांच्या जागी सावली आली. मदन मोहन यांच्या त्या चालीवर माझाही जीव आहे. पण कथेच्या मर्मावर बोट ठेवलं ते गदिमांनी.

उलगडा साठ वर्षं जुना, तेव्हा सांगायला हरकत नाही. गेली ती जुळी बहीण. कोर्टात आशा जे सांगत होती ते खरंच होतं. फक्त गुन्हेगारीत गुंतलेल्या आपल्या बहिणीचं नाव तिने सासरी कधी उच्चारलेलं नव्हतं. माहेरचा डाग प्रतिष्ठित घराला लागू नये म्हणून बायका जे मौन पाळतात, त्याच मौनावर देवकुळ्यांनी अख्खं रहस्य उभं केलं. ना गुप्त खजिना, ना मृत्युपत्र.