वगळलेली स्तोत्रे

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७१ साली सिद्ध झालेल्या दैनिक प्रार्थनाविधीतून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे वगळण्यात आली. त्यांतील शापवाणी आजच्या मनाला पेलणार नाही, हे त्यामागील कारण. हेतू प्रामाणिक खरा, पण १०९ व्या स्तोत्राचाच आधार पेत्राने यहूदाच्या जागी दुसरा प्रेषित निवडताना घेतला आहे (प्रे. कृत्ये १:२०). उलट, अंधारातच संपणारे ८८ वे स्तोत्र शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत कायम आहे. विलाप चालतो, मग संतापच का नको?

नरखेड तालुक्यात गारपिटीने संत्र्याचा बहार झडला, की बागायतदाराच्या ओठी स्तुती कोठून यावी? तो संताप माणसांवर निघेल, आत कुजेल किंवा देवापुढे मांडला जाईल. स्तोत्रकर्ता तिसरी वाट धरतो. तो शस्त्र उचलत नाही, न्याय देवावर सोपवतो. विठ्ठलाला खडे बोल सुनावणारी जनाबाई ज्या भाषेत झाली, तिला हे परके नाही.

प्रभूने क्रूसावरून २२ व्या स्तोत्राची आर्त हाक दिली आणि तेथूनच मारेकऱ्यांसाठी क्षमाही मागितली. म्हणून ही स्तोत्रे कुटुंबप्रार्थनेत तरी वाचली जावीत. क्षमेपूर्वी जखम देवाला दाखवावी लागते.